पुसायला गेले, कोरून आले

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? झटपट काम करून देणाऱ्यावर, की 'वेळ लागेल' असं तोंडावर सांगणाऱ्यावर? थांबा, उत्तराची घाई नको. आधी माझी हकीकत ऐका.

मी एक घासायचा ब्रश. लाकडी मूठ, नायलॉनचे केस. जन्म कारखान्यातला, पण शहाणपण आलं ते हार्डवेअरच्या दुकानात. तिथे फळीवर माझ्या शेजारी तारेचा ब्रश असायचा. पोलादी केस, काय तो रुबाब! गिऱ्हाईक आलं की दुकानदार त्यालाच पुढे करायचा आणि माझ्याबद्दल म्हणायचा, "हा होय? हा न्हाणीघराच्या फरशीला बरा." दोन वर्षं मी धूळ खाल्ली. ब्रशानं धूळ खावी, याहून मोठा अपमान नाही.

एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. माझे केस स्वतःच्या नखावर घासून बघितले आणि म्हणाल्या, "हाच द्या."

"काय घासायचंय, बाई?"

"दगड."

दुकानदार हसला. "मग तारेचा न्या की! दगडाला कसलं जपायचं?"

"दाताला जपतो तसंच. वरचं कवच एकदा गेलं की परत येत नाही."

बाईंचे आठवड्यातले सहा दिवस लोकांच्या तोंडात जात. सातवा दिवस गावाबाहेरच्या कड्यावर, दोर लावून चढण्यात. त्या कड्यावर लोकांनी रंगानं नावं, बाण, बदाम काढून ठेवले होते. कड्याच्या राखणदारानं बजावलं होतं, "रविवारी संध्याकाळी येतो. कडा साफ दिसला नाही, तर चढाई कायमची बंद." म्हणजे बाईंचा सातवा दिवसच जाणार होता.

मदतीला त्यांचे दाजी आले. थोरल्या बहिणीचा नवरा, धंद्यानं वेल्डर. खाली जुनी चादर अंथरली, रंगाचं पाणी मातीत जाऊ नये म्हणून. रंगावर तो सोडवणारं औषध थापायचं, अर्धा तास गप्प बसायचं, मग पाणी मारत मला हलक्या हातानं गोल गोल फिरवायचं. प्रत्येक अक्षर गेलं की बाई वहीत नोंद करायच्या. गप्प बसणं दाजींना काही जमेना. त्यांचा डोळा सारखा उजव्या कोपऱ्याकडे. तिथे हातभर लाल अक्षरांत 'चिमणी' लिहिलं होतं. चिमणी म्हणजे त्यांचीच बायको. लग्नाआधी, बावीस वर्षांपूर्वी, दोराला लटकून त्यांनीच ते रंगवलं होतं.

"ताईला दाखवलं होतंत का हे?" बाईंनी विचारलं.

"दाखवलं होतं. म्हणाली, उंची बरी आहे, अक्षर वाईट."

दुपारी बाई ओढ्यावर पाणी आणायला गेल्या. दाजींनी हळूच पिशवीतून काढला कोण? माझा फळीवरचा शेजारी! दोराला लटकून खर्र खर्र करत, अक्षरांची वळणं सांभाळत, पाच मिनिटांत लाल रंग गायब. दाजींनी घाम पुसला, खाली उतरून वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. काळपट कड्याचं कवच नेमकं अक्षरांपुरतं निघालं होतं. आतला पिवळट दगड उघडा पडला होता. चिमणी आता आधीपेक्षा ठसठशीत दिसत होती.

माझ्या शेजाऱ्याला दोष देऊ नका. गंज खरवडायला जन्मलेला जीव. खरवड म्हटलं, त्यानं खरवडलं.

बाई आल्या. त्यांनी वर बघितलं. मग म्हणाल्या, "पुसायला गेलात, दाजी, आणि कोरून बसलात."

"वरून चिखल फासू का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि पावसात?"

"तोवर राखणदार बघून गेलेला असेल ना!"

बाईंनी वही उघडली आणि पेन दाजींच्याच हातात दिलं. "लिहा."

दाजींनी एकेक अक्षर जपून लिहिलं. 'उजवा कोपरा. नाव मीच रंगवलं होतं. पुसताना तारेचा ब्रश वापरला. दगड झिजला. भरून येणार नाही.'

संध्याकाळी राखणदार आला. कड्याकडे त्यानं एकदाच बघितलं. वही मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"इतकी वर्षं इथे प्रत्येक जण मला 'आम्ही नाही केलं' एवढंच सांगत आलाय," तो म्हणाला. "हा कोपरा बंद. तिथे पुन्हा दोर लागणार नाही. बाकीचा कडा चालू ठेवा. पण तारेचा ब्रश इथे आणायचा नाही, आणि ही वही बंद पडता कामा नये." मग दाजींकडे वळून, "घरी काय सांगणार?"

"सांगतो. उंची बरी होती, अक्कल कमी."

आता मी राखणदाराच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. केस फिस्कारलेत, मूठ तडकलीय. महिन्याला एकदा दाजी मला न्यायला येतात. औषध थापून अर्धा तास गप्प बसतात. खरंच बसतात!

माझं काय, झिजायलाच जन्मलो, झिजवा मला. एकच मागणं आहे. किती नावं पुसली हे सगळेच ऐटीत लिहितात. पुसताना दगड किती गेला, तेही त्याच पानावर लिहीत जा. हिशेब तेवढा खरा ठेवा.