मागच्या सायकलीची ओ

‘खड्डाऽऽ! डाव्या अंगानंऽऽ!’ — नवऱ्याचा तो आवाज किती वर्षांपूर्वीचा, लेकाचे, प्रज्वलचे, पाय पायडलला पुरतही नव्हते तेव्हाचा, पण कानात अजून तसाच ठणठणीत, नदीपल्याड निंदणाऱ्या बायांनी हातातलं खुरपं थांबवून वर पाहावं असा... आणि सुवर्णाच्या डोळ्यांपुढे आत्ता होती ती फक्त एक लाल काच, प्रेमानंदच्या सायकलीच्या मागच्या मडगार्डवरची, एका कडेला चीर गेलेली, उन्हात लुकलुकणारी. ती डावीकडे सरकली की आपणही सरकायचं. ती उडाली की समजायचं, खड्डा. आणि काचेच्या वरची ती ओळखीची मान जराशी वळली की समजायचं, नवरा काहीतरी बोलला. मग म्हणायचं —

“हाव!”

ऐकू काहीच आलं नव्हतं. वारा होता, साखळीची किरकिर होती, दोन्ही अंगांना वाळत आलेल्या तुरीचा खुळखुळाट होता. त्यात तो आवाज कुठेतरी पडून राहिला होता, बोटांतून निसटलेल्या सुईसारखा.

रीत त्याचीच. शाळेत चित्रकला शिकवायचा, पण दर हिवाळ्यात पुण्या-नाशिकची माणसं सायकली घेऊन यायची ती त्याच्यामागे पैनगंगेचं खोरं पाहायला. देऊळघाटाहून निघायचं, नदीचा पदर धरून येळगावच्या धरणाशी यायचं, तिथून खाली सातगावच्या हेमाडपंती देवळापर्यंत. पुढच्याने रस्ता पाहायचा आणि हाक द्यायची, मागच्याने ओ द्यायची. ओ आली नाही तर पुढच्याने थांबायचं. लग्नानंतर त्याने तिला सायकल शिकवली ती ह्याच रस्त्यावर, आणि सायकलीच्या आधी शिकवली ती ओ.

आणि आता त्याला कंपवात. आधी उजवा हात थरथरला, मग चालता चालता पाय जमिनीला चिकटायला लागले, मग चेहराच पुसत गेला, हसला तरी हसू वर येईना. पण सायकलीवर बसवलं की माणूस जुना! होतं असं, डॉक्टर म्हणाले होते, पाय चालणं विसरतात, पायडल विसरत नाहीत. आवाज मात्र बसत जाईल... ‘बसत जाईल’ — जशी नदीतली वाळू बसते तसा, सावकाश, कुणाला न कळता. तिने मध्यंतरी गुपचूप आपले कान तपासून घेतले होते. बहिरी निघू दे मी, असं त्या दवाखान्याच्या बाकावर बसून मनोमन मागितलं होतं तिने. कान अगदी छान आहेत, बाई, असं तिथला पोरगा हसून म्हणाला, तर तिला रडू आलं.

आज सकाळी हवा भरता भरता तो म्हणाला होता, “आज तू मागं राह्य. हाक मी देतो. सातगावले गेल्यावर तू म्हणशीन तसं. हो म्हटलं तं यंदा बी लोकायले बोलावतो. नाही म्हटलं तं सायकल टांगून टाकतो.” एवढंच. फोनवर प्रज्वलने तेवढंही केलं नव्हतं. “आई, तूच पाह्य बाप्पा,” म्हणाला. तूच पाह्य. हो म्हणावं तर उतारावर मागे दहा-बारा परकी माणसं, न ऐकू येणाऱ्या हाकेच्या भरवशावर. नाही म्हणावं तर हा माणूस घरात दाराच्या चौकटीशी खिळलेला, दिवसभर, उद्या, परवा...

येळगावजवळ सुभद्राबाईच्या टपरीवर थांबावं लागलं. तो उतरला आणि तिथेच उभा राहिला, एक हात सीटवर, पाय रोवल्यासारखे.

“काऊन हो सर,” सुभद्राबाई चहा ओतता ओतता म्हणाली, “सायकलवर तं नवरदेवावाणी येता, अन् उतरलं का खांबावाणी उभे! आमच्या टपरीची लाज वाटते का?”

“तुमच्या चहाचं भेव वाटते,” तो म्हणाला. सुभद्राबाईने कान पुढे केला. “काय म्हणता?”

“चहाचं भेव वाटते म्हणतात,” सुवर्णाने त्याचं बोलणं मोठ्याने पुढे केलं, आणि आपला पाय हळूच त्याच्या पायापुढे आडवा धरला. काही ओलांडायला मिळालं की त्याचा पाय सुटायचा. सुटला. सुभद्राबाई हसत होती. अवघड काही घडलंय हे तिच्या गावीही नव्हतं.

टपरीच्या पुढे उतार. वळणावर रस्त्यात वाळू सांडलेली, कुणाच्या तरी ट्रॉलीतून. मान वळलेली तिला दिसली, खांदेही आवळलेले दिसले, आणि पुढच्या चाकाखालून रस्ता निघूनच गेला. गुडघा घासला, तळहात सोलला. पुढे ती लाल काच थांबली. तो पाय टेकून मागे पाहत होता, उतरायची सोय नव्हती, उतरला असता तर तिथेच खिळला असता.

“हाव!” तिने पडल्या पडल्याच ओरडून सांगितलं. “ऐकलं होतं! माह्यंच ध्यान नव्हतं!”

खोटं किती पटकन आलं तोंडात, जसं लेकराला ठेच लागली की ‘काही नाही झालं’ येतं तसं. तो काही क्षण बघत राहिला, मग निघाला. आणि त्यानंतर मान वळतच राहिली, प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक मोरीला. आता जरा जास्त वेळ वळलेली राहत होती, थांबून कशाची तरी वाट पाहिल्यासारखी. ती प्रत्येक वेळी ओ देत होती. माय जात्यावर म्हणायची ते तिला पायडलच्या लयीत आठवत होतं —

*अल्याड माझं शेत, पल्याड भाऊराया,*
*हाकेला देतो ओ गं, वारा लागे पोचवाया...*

मायच्या ओवीतला वारा पोचवायचा. हा वारा नुसता खाऊन टाकत होता.

देवळाच्या अलीकडे नदीकाठी दोघं बसली. नदी म्हणजे खडक आणि मधे मधे हिरवी डबकी. पूर्वी इथे पोचल्यावर तो लोकांना देवळाच्या खांबांवरची वेलबुट्टी दाखवायचा, तासन्‌तास. आज त्याने देवळाकडे पाहिलंही नाही.

“मंग?” एवढ्या जवळून त्याचा आवाज येत होता, कुजबुजीएवढा, पण येत होता. “बोलावू का लोकायले?”

“रस्ता तं चांगला झाला की.”

“रस्त्याचं नाही विचारून राह्यलो.”

“आला ना आवाज,” ती म्हणाली. “सगळा आला.”

त्याने थरथरणारा हात मांडीखाली दाबून धरला.

“वाळूपाशी मी ओरडलो, सुवर्णा. छाती फाटेस्तोवर. तू पडली, अन् पडून बी हाव म्हणाली.” श्वास घ्यायला तो थांबला. “तिथून इथलोक मी तोंडच उघडलं नाही. नुसती मान वळवत आलो. म्हटलं, एखाद्या तरी वळणावर म्हणशीन, काऊन हो, आवाज काऊन नाही देऊन राह्यले? तू हाव म्हणतच राह्यली.”

ती सगळी वळणं तिच्या आतून उलटी फिरत गेली. मिटलेलं तोंड पुढे, आणि मागे आपण, कुणी न मारलेल्या हाकेला ओ देणाऱ्या... शरम वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण तिच्या तळाशी काहीतरी ढिलं पडत होतं, इतके महिने मुठीत धरलेलं. ते सुटताना हलकं वाटत नव्हतं. नुसतं रितं वाटत होतं.

“पण वाळूपर्यंत तं येत होता ना?” त्याने विचारलं. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, आजाराने ते कधीच नेलं होतं. डोळे तेवढे तिच्यावर लागलेले. “सकाळचा तं आला ना?”

एक ‘हाव’ पुरलं असतं. जिभेवर तयारच होतं ते.

“नाही,” ती म्हणाली. “देऊळघाटापासूनच नाही. एकबी नाही आला.”