शेपटीला केसभर

नवं मशीन कारखान्यात आलं, त्या दिवशी मामांनी घरी जाहीर करून टाकलं, "माझ्या मदतीशिवाय ते शाफ्ट नीट काढायला लागलं ना, की मी ॲप्रन खुंटीला टांगणार. मग घरीच बसेन!"

हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की खिडकीतली शेजाऱ्यांची मांजर उडी मारून पळाली. मामींना अलीकडेच कानाचं यंत्र मिळालं होतं आणि आता त्यांना पलीकडच्या खोलीत चमचा पडला तरी कळायचं. मामांचा आवाज मात्र होता तिथेच होता. "अहो, ओरडू नका, ऐकू येतंय मला," असं सांगून सांगून मामी दमल्या होत्या. आता हा माणूस दिवसभर घरीच बसणार म्हटल्यावर त्यांनी थेट देवापुढे हात जोडले. त्या मशीनला यश येऊ नये, असं त्यांनी मनापासून मागितलं.

मामा तसे सख्खे मामा एकीचेच, कारखान्याच्या मालकिणीचे. पण शिपायापासून हिशेबनिसापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. वडिलांनंतर भाचीने कारखाना हातात घेतला, तेव्हाही मामा धातू कातायच्या जुन्या लेथवर उभे होते आणि आजही होते. लेथ त्यांच्याच वयाचा असावा, खोकायचाही त्यांच्यासारखाच. पंपाचे लांब शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, त्यावर काढावेत ते मामांनीच. शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीचा हवा, आणि त्या लेथवर दुसऱ्या कुणालाही ते कधी जमलं नव्हतं. मामांना याचा गर्व होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे.

नव्या मशीनचा मामला निराळा. भाचीने पडद्यावर आकडे भरायचे, मग एक पिवळा लोखंडी हात कच्चा गज उचलून आत ठेवणार, दार आपोआप लागणार आणि आत पांढऱ्या पाण्याचे फवारे सुरू होणार. हत्यार कुठे लागतंय, चुरा कसा निघतोय, काही दिसायचं नाही.

"काम करतंय की अंघोळ?" मामा म्हणाले. "दार लावून घेतंय ते!"

"मामा, नाकाने कांदे सोलू नकोस," भाची हसली. "शाफ्टच्या शेवटच्या कटचे आकडे तू सांग. या मालाची नस तुझ्याइतकी कुणाला ठाऊक आहे?"

मामा विरघळले. त्यांनी डोळे मिटून आकडे सांगितले आणि शेवटी बजावलं, "आणि शेपटीला केसभर जास्त घे. विसरू नकोस." शेपटी म्हणजे शाफ्टचं लांबचं टोक. भाची क्षणभर थांबली, पण मामा सांगतोय म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार, म्हणून तिने तसंच भरलं.

पहिला शाफ्ट बाहेर आला तो आरशासारखा चकचकीत. मामांनी जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला. गज पकडणाऱ्या चकच्या बाजूला बरोबर, शेपटीला बारीक. दुसरा काढला, तोही तसाच. तिसराही.

खोटं कशाला बोला, मामांना आनंद झाला. चेहरा त्यांनी गंभीर ठेवला, पण आतून गुदगुल्या होत होत्या. भाचीचा चेहरा मात्र उतरला. नमुन्याचे शाफ्ट संध्याकाळी पंपवाल्यांकडे पोहोचायचे होते. तिने हत्यार बदललं, गजाची पकड तपासली, पाण्याचा जोर पाहिला. सगळं जागच्या जागी. शेवटी मशीन बसवून गेलेल्या इंजिनिअरला फोन लावायला तिने मोबाइल काढला.

"राहू दे तो फोन," मामा ऐटीत म्हणाले. "आण इकडे एक गज. मी काढून देतो."

लेथ खोकत सुरू झाला. मामा नेहमीसारखे वाकले. निळसर चुरा वळत खाली पडू लागला, हत्यार हळूहळू लांबच्या टोकाकडे सरकू लागलं, आणि शेपटी जवळ येताच त्यांच्या उजव्या हाताने आपणहून चाक केसभर फिरवलं.

मामांनी लेथ बंद केला.

हे चाक ते का फिरवतात? कारण हत्यार ज्यावरून सरकतं तो लेथचा पाट झिजलाय. शेपटीकडे हत्यार दबतं आणि माल जाड राहतो. म्हणून तिथे केसभर जास्त घ्यायचं. इतकी वर्षं घेत आलो, इतकं की तो लेथचा दोष आहे हेच विसरून गेलो, शाफ्टच असा काढायचा असतो असं समजून बसलो. नव्या मशीनचा पाट झिजलेला नव्हता. त्याने सांगितलं तेवढंच ऐकलं आणि तिथे केसभर जास्त काढलं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मामांचं अंगण खरोखरच वाकडं होतं आणि त्यावर ते झकास नाचले होते. सरळ अंगणात आले आणि तोंडावर पडले.

गप्प बसता आलं असतं. मशीनचंच नाव खराब झालं असतं, ॲप्रन अंगावर राहिला असता. मामांनी भाचीकडे पाहिलं. मोबाइल कानाला लावून ती खालचा ओठ चावत होती, लहानपणी गुडघा फुटला की चावायची तसाच.

"ठेव तो फोन!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की शिपाई दचकला. "मशीन शहाणं आहे. गाढव मी आहे. शेपटीचं ते केसभर काढून टाक."

भाचीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. "चल," ती म्हणाली, "बटण तूच दाब."

मामांनी बटण दाबलं. पिवळा हात वळला, दार लागलं, अंघोळ झाली. त्यांनी या टोकाला मोजलं, त्या टोकाला मोजलं, मग पुन्हा या टोकाला. सारखं. कुणी समजूत न घालता, कुणी चाक न फिरवता, सरळ. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सरळ गोष्ट आयती हातात मिळाली होती, आणि ती त्यांना सोडवेना.

"आता ॲप्रन टांगणार?" भाचीने विचारलं. आवाजात थट्टा होती, पण तिचे डोळे थट्टा करत नव्हते.

"कसा टांगणार? जित्याची खोड आहे, ती मोडायची अजून. आणि ते आकडे भरायला शिकव मला."

संध्याकाळी मामा घरी आले. मामी पाठमोऱ्या कपडे घडी करत होत्या. मामांनी नेहमीप्रमाणे छाती भरून श्वास घेतला आणि तो तसाच सोडून दिला.

"चहा टाकतेस का गं?" ते हळूच म्हणाले.

मामी गर्रकन वळल्या. हातातला सदरा टाकून त्यांनी मामांच्या कपाळाला हात लावला.

"अहो, काय होतंय तुम्हाला? बरं नाही का?"

"बरं आहे," मामा तितक्याच हळू म्हणाले. "ऐकू आलं ना तुला?"