सगुणाचा ओटा आणि भिकाजीचा टेम्पो

दहिसरच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात सगुणाच्या आवाजाची चेष्टा सगळेच करत. तिने ओट्यावरून बोंबील म्हणून हाक दिली की बोरीवलीतली गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन निघतात, असं लोक म्हणत. सगुणाला त्यात चेष्टा दिसत नसे. ती उलट खूश व्हायची.

ओटा मात्र चेष्टेचा विषय नव्हता. गल्लीच्या ऐन वळणावर, घरापासून चांगला पुढे आलेला तो ओटा तिच्या सासूने स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. त्यावर बसून सासूने जन्मभर मासळी विकली, आता सगुणा विकत होती. तिच्या दोन्ही मुलींना हळद लागली ती तिथेच. म्हातारी गेलीही तिथेच, गिऱ्हाइकाशी पापलेटावरून हुज्जत घालता घालता.

त्या ओट्यावर चौऱ्याऐंशी सालच्या चैत्रात पालिकेच्या माणसाने पाडायची खूण म्हणून गेरूने फुली मारली. आणि खरं सांगायचं तर ती फुली सगुणाने आपल्या तोंडानेच ओढवून घेतली होती.

वाड्यात टेम्पो आले तेव्हापासून गल्लीची वाट लागली होती. बर्फाचा टेम्पो आत यायचा, मासळीचा बाहेर निघायचा, दोघांची गाठ वळणावर पडायची आणि मागे कुणीच घ्यायचा नाही. गाडी मागे घेणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं! यात सगळ्यांत अडेल होता सगुणाचा नवरा भिकाजी. टेम्पोला मागे जायचा गियर असतो हे तो बहुधा विसरलाच होता. बर्फ वितळायचा, मासळी नरम पडायची, शिव्या तेवढ्या ताज्या निघायच्या. शेवटी देवळापुढे सभा झाली. टेम्पोंची कोंडी सुटायची आणि नाक्यावरची बसही आत वाड्यात यायची तर रस्ता रुंद करा, अशी मागणी झाली. सगळ्यांत मोठ्याने ओरडली सगुणा, कारण समोरच्या मंजुळाच्या पायऱ्या जाणार याची तिला खात्री होती. मंजुळाही तेवढ्याच जोरात ओरडली, कारण तिला खात्री होती सगुणाच्या ओट्याची. खरी ठरली मंजुळा.

फुली मारणारा ओव्हरसियर विद्याधर पार्ल्याचा, कोवळा पोरगा. सगुणाने आधी त्याला यथेच्छ फैलावर घेतलं. मग तो उन्हात उभा आहे हे पाहून ओट्यावर बसवलं आणि तांब्याभर पाणी दिलं.

"मलाही तोडायला आवडत नाही हो, मावशी," तो म्हणाला. "पण दोन गाड्या एका वेळी इथे मावत नाहीत."

"मंग दोन येतातच कशाला? येक थांबला तर मरतो काय?"

विद्याधरचा तांब्या ओठांपाशीच राहिला. त्याने डावीकडे पाहिलं, तर गल्लीचं बंदराकडचं तोंड दिसत होतं. उजवीकडे पाहिलं, तर नाक्याकडचं.

"इथून दोन्ही टोकं दिसतात!"

"आमची सासू उगाच बसली व्हती काय हितं?"

"मग टोकाला थांबलेल्या गाडीला इथूनच कुणी सांगितलं, तू ये, तू थांब, तर? ऐकू जाईल?"

समोरच्या दारातून मंजुळा म्हणाली, "तिचा आवाज वसईला जातो, सायेब."

जन्मात पहिल्यांदा सगुणाला मंजुळाचं बोलणं गोड लागलं.

विद्याधरने वर शब्द टाकला आणि गावदेवीच्या जत्रेदिवशी एक रिकामी बस चाचणीला आणायचं ठरलं. ती न अडकता बंदरावर जाऊन परत आली तर रुंदीकरण रद्द. अडकली तर ओटा गेला. वाड्याने दोन्ही तोंडांशी पसरलेली जाळी आणि मोडक्या होड्या हलवून गाड्यांना थांबायला जागा केली.

जत्रेच्या सकाळी सगुणा हिरवं लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून ओट्यावर बसली. "सहदेव, ये! हरेश्वर, थांब!" एकेकाला नावाने हाक जात होती. सगळेच थांबत होते, त्यामुळे थांबायची लाज कुणालाच वाटेना. दुपारी लाल बस नाक्यावरून आत शिरली. ड्रायव्हरच्या मागे विद्याधर उभा होता.

तेवढ्यात बंदराकडून भिकाजीचा टेम्पो आला.

"ओ, थांबा!" सगुणा ओरडली. फुगेवाला थांबला, बाजेवाले थांबले, भिकाजी काही थांबला नाही.

"आवो, पोरींचे बापूस, थांबा!" पोरींचे बाप तर गल्लीभर होते. सगळे वळून बघायला लागले. टेम्पो येतच राहिला.

पंचवीस वर्षांच्या संसारात सगुणाने नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. वाड्यात कुणीच बाई घेत नसे. तिने एकदा त्या गेरूच्या फुलीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"भिकाजी! थांब! मागं घे!"

वाजतगाजत आलेली जत्रा चिडीचूप झाली. भिकाजीचा पाय ब्रेकवर पडला तो निव्वळ धक्क्याने. काचेतून तो बायकोकडे बघतच राहिला. आणि मग, बापजन्मी न सापडलेला तो गियर त्याला सापडला. टेम्पो मागे जाऊ लागला, गल्लीबाहेर जाऊन उभा राहिला. बस वळणावरून, ओट्याला चाटूनसुद्धा न जाता, बंदरावर पोचली आणि परत आली.

पहिली टाळी मंजुळाने वाजवली. मग बाजा असा काही वाजला की विचारू नका. विद्याधरने खाली उतरून बादलीभर पाणी मागितलं आणि फुली स्वतः पुसली. सगुणा रडली. मोठ्यानेच रडली, तिला हळू काही येतच नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली पार मोकळी होती. तरी भिकाजीचा टेम्पो बंदराच्या तोंडाशी उभा.

"या!" सगुणा ओरडली. टेम्पो हलेना.

"आवो, या ना! समोर कोन नाय!"

भिकाजीने इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घालून, काचेतून तिच्या ओठांकडे बघत बसला. मंजुळा दारात येऊन हसायला लागली. सगुणाने इकडेतिकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते.

"भिकाजी," ती इतकं हळू म्हणाली की समोरच्या मंजुळालाही ऐकू गेलं नाही, "ये."

टेम्पो सुरू झाला.