कोंबड्यांच्या पसंतीचा सायलेन्सर

आमच्या दाजींनी विमान बांधायला घेतलं तेव्हा घरात कुणालाही धक्का बसला नाही. ते लिफ्ट दुरुस्त करतात. जन्मभर दुसऱ्यांना वर पाठवायचं आणि आपण खालच्या खड्ड्यात उभं राहून तारा ओढून बघायच्या, मग माणसाच्या डोक्यात कधीतरी हे शिरणारच. ताईने फक्त एवढंच विचारलं, "अहो, याला मजल्यांची बटणं नाहीत. मग थांबणार कुठे?"

विमान गॅरेजमध्ये वाढलं आणि त्याचे पंख बाहेरच्या खोलीत. पाहुणे पंखाखालून रांगत येऊन सोफ्यावर बसायचे आणि चहा घेऊन रांगतच परत जायचे. दाजींनी उडवायचं लायसन्स काढलं. तपासणारे साहेब येऊन सगळीकडे टकटक करून, सही ठोकून गेले. आता फक्त उडायचं बाकी होतं.

पण इंजिन होतं रोटरी, एका म्हाताऱ्या मोटारीतून काढलेलं. साध्या इंजिनात दट्टे वरखाली होतात, ह्यात एक तिकोनी लोखंडी ठोकळा गरगर फिरतो. छोटं, हलकं, ताकदीला राक्षस. खोड एकच. त्याचा धूर भट्टीसारखा तापलेला बाहेर पडतो, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याच्या दातांतलं सिमेंट निघावं.

हा आवाज पहिल्यांदा ऐकला तो कोंबड्यांनी.

कारण उडायला लागणारी गवताची लांब पट्टी होती एका काकूंची, आणि ह्या काकूंचं पोल्ट्री फार्म त्या पट्टीला चिकटून होतं. शेडला जाळी, जाळीच्या बाहेर कोंबड्यांना हिंडायला मोकळं अंगण, आणि अंगणापलीकडे पट्टीवर आणून ठेवलेलं आमचं विमान. दाजींनी नुसत्या उघड्या पाइपावर इंजिन चालू केलं, आणि दुसऱ्या दिवशी काकू अंड्यांचे रिकामे ट्रे घेऊन हजर.

"ओ लिफ्टवाले, हे बघा."

"काय बघू? काहीच नाहीये यात."

"तेच बघा! एकीनं घातलं नाही. धसका घेतलाय पोरींनी. तुमचं हे धूड उचला इथून."

"काकू, उचलायचंच तर आहे," दाजी कळवळून म्हणाले. "त्यासाठीच तर एवढी खटपट."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी अट घातली. आधी जमिनीवर इंजिन चालवून दाखवायचं. कोंबड्या शांत राहिल्या तरच उडायचं, आणि उडतानाही शांत राहिल्या तरच पट्टी दाजींची. नाहीतर काकू तिथे नवीन शेड बांधणार. आसपास दुसरी पट्टी नव्हती. विमान घरी परत आणायचं म्हटलं तर ताईने आधीच सांगून ठेवलं होतं, की पंख घरात येतील त्या दिवशी मी बाहेर.

आवाज मोजायची मशिनं मिळतात, हे मी काकूंना सांगून बघितलं. माझं चष्म्याचं दुकान आहे, मोजमापावर माझा विश्वास. काकू म्हणाल्या, "अंडी मशीन घालतं का? मग मापही कोंबड्याच घेतील. कोंबडीची मान बघितली की मला कळतं उद्या अंडं येणार की नाही."

अशा रीतीने सायलेन्सर निवडायचं काम कोंबड्यांकडे गेलं, आणि त्यांच्या माना बघायला माझी नेमणूक झाली.

पहिला सायलेन्सर आणला मोटारीचा, भंगारवाल्याकडून. आवाज छान दबला. दाजी माझ्याकडे बघून अंगठा दाखवणार, तेवढ्यात सायलेन्सरच्या पोटातला काचेचा कापूस त्या भट्टीपुढे टिकेना आणि भस्सकन बाहेर आला. उशी फुटावी तसं सगळं अंगण पांढरं. काकूंच्या दोरीवर धुतलेले कपडे होते. पुढे आठवडाभर आम्ही सगळे एकमेकांची पाठ खाजवत होतो, आणि काकू तर बोलतानाही दाराच्या चौकटीला पाठ घासत बोलायच्या.

"विमान आहे की गादीवाला?" त्या म्हणाल्या.

दुसरा मोटारसायकलचा. तो तापून टोमॅटोसारखा लाल झाला आणि आतली जाळी गोळीसारखी सुटली. ती माझ्या स्कूटरच्या सीटमधून आरपार गेली. "बरं झालं तू बसला नव्हतास," ताई म्हणाली. ही आमच्या घरातली सहानुभूती.

तिसरा ट्रकचा. आवाजाला काय सुंदर! म्हणजे आवाजच नाही. पण वजन? शेवटचा नट आवळला आणि विमानाने सावकाश शेपूट वर उचललं, नाक गवतात खुपसलं आणि तसंच राहिलं. आम्ही तिघं शेपटीला लोंबकळलो तेव्हा कुठे ते सरळ झालं. दाजी म्हणाले, "चालेल की. उडताना तुम्ही दोघं असेच धरून राहा."

मग मात्र दाजी इरेला पेटले. त्यांनी स्टेनलेस स्टीलचे जाड पाइप आणले, एकात एक बसणारे, आणि आतल्या पाइपाला भोकं पाडायला बसले. कापूस नाही, जाळी नाही, सुटून उडण्यासारखं काही नाहीच. धूर भोकाभोकातून वाट काढत थकूनभागून बाहेर यावा, एवढीच योजना. भोकं पाडायचं ठिकाण स्वयंपाकघराचा ओटा. ताई भाजी चिरते आहे, शेजारी दाजी पाइप चिरताहेत. असे दोन डबे झाले. एक लावल्यावर इंजिन भुंग्यासारखं घूं करायचं. दुसरा त्याच्यापुढे जोडला की तेही संपलं, नुसती फुसफुस.

"दोन्ही लावा," मी म्हणालो. "कशाला धोका?"

ही सूचना माझी. पुढचं ऐका.

जमिनीवरची परीक्षा झकास झाली. इंजिन फुसफुसलं, कोंबड्या दाणे टिपत राहिल्या. एक तर विमानाच्या चाकाला टेकून झोपली. काकूंनी मान डोलावली. "जा. उडा."

दाजींनी हेल्मेट घातलं, ताईकडे बघितलं, आणि गवतावरून पळत पळत ते विमान खरंच वर गेलं! ताई तोंडावर हात ठेवून उभी. मी अंगणात पाणी प्यायच्या भांड्याशेजारी माना बघत बसलेलो. विमान झाडांमागे दिसेनासं झालं. शांतता. सगळं कसं छान.

आणि एकदम माझ्या अंगावरून काहीतरी काळं सरकलं. लांब पंख, आवाज नाही. मी काही विचार करायच्या आत भांड्यामागे पालथा पडलो होतो. अंगणात हलकल्लोळ! शेकडो कोंबड्या किंचाळत एकाच कोपऱ्यात, एकमेकींच्या डोक्यावर. दोघी-तिघी माझ्या पोटाखाली. पिसांचा धुरळा उडाला, आणि त्यातून काकूंचा आवाज आला, "संपलं! गुंडाळा तुमचं दुकान!"

दाजी हसत उतरले आणि काकूंचं तोंड बघून त्यांचं हसू तिथेच गळून पडलं. "पण आवाज तर नव्हता ना?" ते परत परत विचारत होते. "मेहुणे, तुम्ही सांगा, आवाज होता का?"

"नव्हता," मी पोटाखालची शेवटची कोंबडी बाहेर काढत म्हणालो. "दाजी, तोच घोळ झालाय. आवाज न करता वरून पंख पसरून कोण येतं?"

"कोण?"

"घार! आपण इतके महिने खपून विमान नाही बनवलं, घार बनवली. माझ्यासारखा नव्वद किलोचा माणूस लपला, त्यांची काय कथा?"

"काहीतरीच," काकू म्हणाल्या.

"काकू," ताई हळूच म्हणाली, "तुम्हीपण टोपलीखाली शिरला होतात."

काकूंनी केसांतलं पीस काढलं, ते नीट बघितलं. "मी टोपली सरळ करत होते," त्या म्हणाल्या. मग टोपली बाजूला ठेवत, "बरं. मग करायचं काय?"

"पुढचा डबा काढायचा. घूं ऐकू येऊ दे. येतोय हे त्यांना लांबून कळू दे."

डबा रसरसून तापलेला होता. पण काकूंचा विचार बदलायच्या आत तो निघायला हवा, म्हणून ताईने ओव्हनचे हातमोजे घालून पाना धरला आणि लिफ्टवाल्याच्या बायकोला शोभेल अशा झटक्यात डबा उतरवला. दाजी परत वर गेले. ह्या वेळी हसत नव्हते.

झाडांमागून घूं ऐकू आलं. अंगणातल्या सगळ्या माना एकदम वर. काकूंनी माझं मनगट धरलं, त्यांची नखं मला अजून आठवतात. घूं जवळ आलं, डोक्यावर आलं, सावली अंगणातून गेली. एक कोंबडी त्या सावलीकडे तिरक्या डोळ्याने बघत "क्क" म्हणाली, नापसंतीनं, जशी काकू म्हणाल्या असत्या. आणि मग माना खाली. टिप, टिप, टिप.

"अंडी येणार!" काकू ओरडल्या. "उद्या भरभरून येणार!" आणि त्या दोन्ही हात वर करून पट्टीवर धावल्या. ताई हातमोजे हलवत मागे, मी तिच्या मागे.

दाजी उतरायला खाली आले, त्यांना समोर हात उगारून धावत येणाऱ्या काकू दिसल्या, आणि ते तसेच परत वर गेले.

"अहो उतरा! पास झालात!" ताई ओरडली. घूं. दाजी आणखी एक चक्कर मारून आले. काकू आता आनंदाने टोपली फिरवत होत्या. दाजी परत वर.

"घाबरला की काय हा माणूस?" काकूंनी विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "पण फिरू देत. इतकी वर्षं वाट बघितलीय त्यांनी." ती गवतात फतकल मारून बसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली, हातमोज्यानेच.

काकूही बसल्या. मीही बसलो. पेट्रोल संपत आलं तेव्हा कुठे दाजी उतरले, धडपडत बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "काकू, एक शेवटची संधी द्या. तिसरा डबा बनवतो."

"खबरदार," काकू म्हणाल्या. "उद्या सकाळी पण या. असेच आवाज करत."