सकाळी आठचं पाणी

तिने ती ओळ तिसऱ्यांदा लिहिली आणि साहेबांनी ती तिसऱ्यांदा खोडली. खोडतानाही त्यांची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ यायची. तिला राग त्याचाच जास्त यायचा.

‘दुपारनंतर सरोवरावर सोसाट्याचा वारा सुटण्याची शक्यता.’ एवढंच वाक्य. उन्हाळ्याच्या सुरुवातीचा सरोवर परिसराचा अंदाज उद्या, गुरुवारी दहा वाजता वेधशाळेतून बाहेर पडणार होता. त्यात ही ओळ असली की होडीघर दुपारी बारानंतर एकही होडी सोडत नसे. नसली की संध्याकाळपर्यंत सोडत असे. शुक्रवारी बालवाडीची सतरा मुलं होडीतून पलीकडच्या काठावर सहलीला जाणार होती आणि दुपारी तीनला परतणार होती. त्या सतरांत तिची लेक मुंगी होती.

“आकडा दाखवा,” साहेब म्हणाले. “हवा एकोणतीस, पाणी एकोणीस. फरक दहाचा. बाराच्या वर गेला तर वारा लिहायचा. नव्या लोकांना हे तुम्हीच शिकवता ना?”

ती शिकवायची खरी. जमीन तापलेली आणि पाणी अजून गार, अशा दिवसांत दोघांतला फरक वाढला की दुपारी वारा उसळतो. फळ्यावर दोन बाण काढून ती हे सांगायची.

“पण मी दोन दिवस बघतेय, साहेब. तीन वाजले की गच्चीतल्या दोरीवरचे कपडे आडवे होतात.”

“मग कपड्यांनाच विचारून अंदाज लिहू या.”

“छपरावरचं वाऱ्याचं यंत्र झाडांच्या आडोशाला आहे. तळ्यावर काय चाललंय ते त्याला कुठून कळणार?”

“बाई, अंदाज आकड्यांवर लिहितात. पोटातल्या गोळ्यावर नाही.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “एवढी धास्ती वाटत असेल तर मुलीला पाठवू नका. प्रश्न मिटला.”

“आणि बाकीची सोळा?”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “उद्या सकाळचा आकडा बघू. बाराच्या वर निघाला, तर ही ओळ मी स्वतःच्या हाताने लिहीन.”

ते शब्दाला जागणारे होते, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नव्हतं. ती आपल्या टेबलाशी आली आणि कारण नसताना खण उघडून पुन्हा बंद केला. गेल्या उन्हाळ्यात याच दिवसांत एक होडी उलटली होती. दोघं जण उलट्या होडीला धरून पाऊण तास पाण्यात होते, दुसरी होडी पोचली म्हणून वाचले. वेधशाळेच्या अहवालात ‘अनपेक्षित वारा’ असं लिहिलं होतं. अहवाल तिनेच लिहिला होता.

घरी नवऱ्याने मुंगीच्या सहलीच्या पिशवीत टोपी घालता घालता ऐकून घेतलं. “तुला ना, काळजी करायला नुसतं निमित्त लागतं,” तो म्हणाला. तिने पिशवीतून टोपी काढली, झटकली, घडी बदलली आणि परत घातली.

गुरुवारी सहलीच्या तयारीमुळे बालवाडी नऊला उघडणार होती. म्हणून ती मुंगीला घेऊन थेट वेधशाळेत आली. एरवी पोरीला सोडून यायला तिला साडेआठ-पावणेनऊ होत. आज आठलाच पोचली. काका, म्हणजे इथले सर्वांत जुने शिपाई, तळ्याकाठच्या धक्क्याच्या पायऱ्या चढून वर येत होते. हातात पत्र्याची लहान बादली, अर्धी भरलेली. व्हरांड्याच्या कोपऱ्यात, रोजच्या जागी, त्यांनी ती ठेवली.

“आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा,” काका म्हणाले. “आणि ही कोण नवीन साहेबीण?”

मुंगीने सरळ कोपरापर्यंत हात बादलीत घातला आणि किंचाळली.

“आई! गार! गार गार गार!”

“अगं, बाही! किती वेळा सांगितलं, दिसेल त्यात हात घालायचा नाही म्हणून!” तिने मुंगीचा हात ओढून पदराने पुसला. ती इवलीशी बोटं लाल झाली होती. पुसता पुसता तिचा हात थांबला. मग तिने स्वतःची दोन बोटं पाण्यात बुडवली.

हे पाणी एकोणीसचं नव्हतं.

खिडकीतल्या खिळ्याला अडकवलेला तापमापक तिने आणला आणि पाण्यात धरला. पारा उतरत राहिला. चौदावर थांबला.

“काका, ही बादली इथे कधीपासून ठेवता?”

“कधीपासून म्हणजे? तुम्हीच विसरलात?” काका हसले. “हिच्या वेळी सातवा महिना होता तुम्हाला. पायऱ्यांवर शेवाळ. मी म्हटलं, तुम्ही उतरू नका, पाणी मी वर आणतो. तेव्हा तुम्ही आठला हजर असायचात.”

“आणि रजेनंतर?”

“रजेनंतर तुम्हाला उशीर व्हायला लागला, पोरीचं करून यायचं म्हणजे होणारच की. पण पाणी आठचं काढायचं हा नियम. मी कधी एक मिनिट इकडेतिकडे केलं नाही.” ते अभिमानाने म्हणाले. “काढून ठेवतो. तुम्ही येता, वाचता.”

सकाळचं ऊन व्हरांड्याच्या त्याच कोपऱ्यात पहिल्यांदा येतं. बादलीचा पत्रा आत्ताच एका बाजूने कोमट लागत होता. नोंदवहीच्या पानावर ‘सकाळी ८.००’ हे छापलेलंच असतं. तिला फक्त आकडा भरून सही करावी लागायची. पाऊण तास उन्हात राहिलेल्या पाण्यावरून पावणेनऊला ती दोन्ही करायची. पाणी ताजं आहे का, हे तिने कधी विचारलं नव्हतं. काकांनीही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही होतं असं त्यांना वाटलंच नव्हतं.

“काय झालं, बाई? माझं काही चुकलं का?”

“नाही, काका. तुमचं नाही.” ती खाली बसली आणि मुंगीची बाही, ओली असूनही, उगाच गुंडाळत राहिली. “हिला बालवाडीत सोडाल का नऊला? मला आत काम आहे.”

साहेबांनी नोंदवही जवळ ओढली. चौदावर बोट ठेवलं, मग कालच्या एकोणीसवर.

“फरक पंधराचा,” ते म्हणाले. पेनाचं टोपण काढून त्यांनी मसुद्यात तिची ओळ, अगदी तिच्याच शब्दांत, लिहून काढली. नऊ वाजायला दहा मिनिटं होती. होड्या बंद राहणार होत्या. ती दाराकडे वळली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं.

“पण हे एका रात्रीत असं कसं झालं?” साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “पाच अंश म्हणजे गंमत आहे का? वर डोंगरात गारा पडल्या असतील. तसंच असणार.”

त्यांनी वर पाहिलं. तिने फक्त मान हलवायची होती.

“गारा नाहीत, साहेब,” ती म्हणाली. “तळं तीन वर्षं गारच होतं.”

मग तिने बादलीचं सांगितलं. पायऱ्यांचं, उन्हाचं, छापील आठाचं. काकांचं नाव आलं तिथे ती थांबली आणि म्हणाली, “सही माझी आहे.” साहेबांनी मध्ये एकदाही आकडा मागितला नाही. सांगून झाल्यावर ते खिडकीबाहेर बघत बसले. तळं तिथून तुकड्याएवढं दिसतं, आणि त्या वेळी ते अगदी शांत होतं.

“आता तीन उन्हाळ्यांचं काय करायचं?” ते शेवटी म्हणाले.

तिने कपाटातून गेल्या वर्षीची फाइल काढली आणि होडी उलटल्याचा अहवाल टेबलावर उघडला. साहेबांचं पेन तिने मागितलं नाही, स्वतःचंच काढलं. ‘अनपेक्षित’ या शब्दावर रेघ मारली. ती साहेबांसारखी सरळ आली नाही. समासात तिने सही केली, आणि सहीखाली, भिंतीवरच्या घड्याळाकडे दोनदा बघून, वेळ घातली: नऊ वाजून सात मिनिटं.