चमचाभर लाल

आमच्या आइस्क्रीमच्या कंपनीत गुपितं राखायचं काम माझ्याकडे होतं. कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक फाइलला लेबल लावायचं. हिरवं म्हणजे कोणीही बघा, पिवळं म्हणजे कंपनीतल्यांनीच बघा आणि लाल म्हणजे ज्यांची नावं यादीत आहेत त्यांनीच. लाल यादीत दोनच नावं होती, मालक आणि त्यांच्या आत्याबाई. आत्याबाई चवखोलीत बसायच्या आणि त्यांच्या जिभेला पटल्याशिवाय कुठलंही आइस्क्रीम बाजारात जात नसे. माझं नाव यादीत नव्हतं. कुलूप माझं, किल्ली माझी, आणि आत काय आहे ते मलाच ठाऊक नाही.

हे आईला काही केल्या पटत नव्हतं. जुनी पक्की नोकरी सोडून मी इथे तीन महिन्यांच्या बोलीवर आले तेव्हाच ती म्हणाली होती, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आता रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, नवीन आइस्क्रीम कसलं येतंय गं? मी म्हणायचे, मला माहीत नाही. मग सुस्कारा. "ज्या पोरीला मालक साधी चव सांगत नाही, तिला तो ठेवून कशाला घेईल?" मलाही तीच धास्ती होती.

बोली संपायचा दिवस उजाडला. मालक सकाळच्या विमानाने बाहेरगावी निघाले होते आणि ठेवतोय की नाही ते पत्राने कळवून जाईन, असं म्हणाले होते. मी धावतपळत ऑफिसात पोचले, तर सगळं ऑफिस लाल.

याला कारण माझाच एक नियम, ज्याला मी कौतुकाने विरजणाचा नियम म्हणायचे. दुधात विरजणाचा थेंब पडला की सगळ्या पातेल्याचं दही होतं, तसं नव्या चवीचं नाव ज्या फाइलीत येईल ती आपोआप लाल होणार. ते नाव मालकांनी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरला भरवलं होतं, मला पाठ फिरवून उभं करून. नियम मला इतका आवडला होता की जिन्यात भेटेल त्याला थांबवून मी तो ऐकवला होता.

तर आता साफसफाईच्या पाळ्या लाल. कॅन्टीनचा बेत लाल, त्यामुळे आज जेवणात काहीतरी भारी आहे अशी आवई उठली आणि लोक साध्या वरणाकडे आदराने बघायला लागले. गाडीवाल्याला माल कुठे पोचवायचा ते उघडेना, म्हणून तो अंदाजाने जाऊ का असं अदबीने विचारत उभा. हिशेबनीसांनी रजा मागितली होती आणि मालकांचं उत्तरही आलं होतं, पण तेही लाल. आपण आज रजेवर आहोत की कामावर हे न कळल्यामुळे ते पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. मला हसू आवरेना.

मग मी माझं पत्र उघडायला गेले. लाल. वर माझ्याच शब्दांतली सूचना, आपलं नाव यादीत नाही.

हसू कुठल्या कुठे गेलं. लेबल उतरवणं माझ्या हातात होतं, कोणी विचारणारं नव्हतं. बोट माउसवर गेलंसुद्धा. पण कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे? बोट मागे घेतलं. मालकांना फोन लावला, तर ते ढगांत. मी लॅपटॉप उचलला आणि चवखोली गाठली.

आत्याबाईंना कॉम्प्युटरचा मनस्वी कंटाळा. तरी त्यांनी चष्मा लावला, आणि नियम म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मग त्या खो-खो हसायला लागल्या, त्या ठसका लागेपर्यंत.

"अगं, माझ्या भाच्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. सहीखाली चवीचं नाव टाकून बसलाय. लवकरच येत आहे, म्हणे."

म्हणजे मालकांनी सकाळपासून ज्याला ज्याला उत्तर दिलं, त्या सगळ्यांत विरजण पडलं होतं. मी भिंतीकडे बघत सांगत गेले आणि आत्याबाई ती ओळ पुसत गेल्या. पाळ्या सुटल्या, गाडी सुटली. हिशेबनीसांची रजा मंजूर निघाली आणि ते धावत सुटल्याचं जिन्यातून ऐकू आलं. आम्ही दोघी इतक्या हसत होतो की मध्येच थांबून पाणी प्यावं लागलं.

आणि मग त्यांनी हसू आवरलं. "हे तुझं आहे."

मी विचारलं, काय लिहिलंय?

"याच्यात नाव सहीखाली नाही, मजकुरातच आहे. पुसता येत नाही. हे लालच राहणार, आणि लाल वाचून दाखवायचं नाही, हा नियम तुझा." एवढं म्हणून त्या उठल्या. फ्रीझरचं दार उघडल्याचा आवाज आला. "वळ इकडे. आ कर."

समोर चमचा होता. चवखोलीच्या दारावर माझ्याच हाताने लावलेली पाटी होती की लाल यादीबाहेरच्या कोणीही काही चाखू नये. मी म्हटलं, आत्याबाई, माझं नाव यादीत नाही.

"मला वाचता येतं," त्या म्हणाल्या. "तळं राखील तो पाणी चाखील. घे."

मी तोंड उघडलं. जिभेला गार लागलं, मग हळूहळू चव उमलली, आणि मी त्या बाईंच्या गळ्यातच पडले. त्यांचा चष्मा तिरका झाला.

संध्याकाळी आईचा फोन आला. नोकरीचं विचारायचा तिला धीर झाला नसावा, म्हणून तिने आपला रोजचाच प्रश्न विचारला. कसलं आइस्क्रीम येतंय गं?

"आई, मला सांगता येणार नाही."

मग तिने तोंड फोनपासून बाजूला करून बाबांना मोठ्याने हाक मारली. "अहो, ऐकलं का? पोरीची नोकरी पक्की झाली."