सवतीची ओटी

“सवत कन्हतीय तुमची,” चांगुणा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली. हनुमंतला ऐकू गेलं नाही. मग ती पिठाच्या हातानं बाहेर आली आणि त्याच्या खांद्याला बोट टोचून म्हणाली, “पुढचं डावं चाक. गल्लीत वळताना कन्हतंय.”

सवत म्हणजे गाडी. लाल, लहानशी, कुणाच्याही दारापुढं असते तशी. पण आत टर्बोचं इंजिन, टायर रुंद, आणि वजन नको म्हणून मागची सीट काढून टाकलेली. बारा वर्षांपूर्वी हनुमंतनं ती घरी आणली आणि चांगुणानं त्याच दिवशी तिचं बारसं केलं. नागापूरच्या एमआयडीसीत प्रेसवर पत्रे ठोकणारा माणूस, पोरांची लग्नं उरकलेली, आणि याला हौस काय, तर वर्षातून दोनदा अकराशे किलोमीटर गाडी हाणत कोइमतूरला जायचं, तिथल्या रेसच्या ट्रॅकवर दिवसभर गरागरा फिरायचं आणि परत यायचं. ना बक्षीस, ना सत्कार! शेजाऱ्यांनी कारण विचारायचा नाद कधीच सोडला होता.

पण गाडी राखावी तर हनुमंतनं. इंजिनचं तेल काळं व्हायच्या आत बदललेलं. ब्रेकचं तेल प्रत्येक ट्रॅकच्या आधी नवं. शॉकअपच्या बुशा तीनदा घातल्या, इंजिनचा पट्टा दोनदा, आणि हे सगळं स्वतःच्या हातानं, दारातल्या लिंबाखाली. निदान मात्र कानानं करायचा. लांब डिसमिस घ्यायचा, टोक लोखंडाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. डॉक्टरचीसुद्धा एवढी ऐट नसेल.

त्या दिवशीही त्यानं चाक जॅकवर घेतलं, हातानं फिरवलं, डिसमिस कानाला लावला. “काय बी न्हाई. मऊ फिरतंय.”

“मला ऐकू येतंय ना!”

“तू भाकरी बघ. बेरिंगातलं तुला काय कळतंय?”

चांगुणा आत गेली. दोन दिवसांनी हनुमंत कोइमतूरला गेला. सोबत नेहमीप्रमाणे जैनुद्दीन होता. प्रेस शॉपमधला तीस वर्षांपासूनचा जोडीदार, ट्रॅकच्या कडेला उभं राहून घड्याळ लावणारा.

तिसऱ्याच फेरीला ट्रॅकवरच्या पोरांनी झेंडे हलवून गाडी थांबवली. जैनुद्दीन धावत आला, खाली वाकला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. ते खिळखिळ्या दातासारखं हललं.

“अरे हनमा, चाक निघालं असतं की! केवढा खरखराट. समद्या ट्रॅकला ऐकू गेला.”

“मला न्हाई गेला,” हनुमंत म्हणाला.

जैनुद्दीननं चाक सोडलं आणि त्याच्या कानांकडं बघितलं. प्रेसवर कानात बोळे घालायची सक्ती होती, पण हनुमंतनं जन्मात घातले नाहीत. म्हणायचा, मशीन काय बोलतंय ते ऐकू आलं नाही तर बोटं जातील. दहाही बोटं शाबूत घेऊन तो निवृत्त झाला, आणि कान तिथंच ठेवून आला.

पुढं डॉक्टरला दाखवून झालं, कानाचं मशीन झालं. मशीन लावून त्यानं गाडी चालू केली आणि दोन मिनिटांत मशीन काढून खिशात टाकलं. “मिक्सर लावल्यावानी वाजतीय,” तो म्हणाला. माणसांचं बोलणं मशीनमधून कळायचं, पण गाडीचं नाही. विशेषतः तिचा सुस्कारा. जोरात असताना पाय उचलला की टर्बो हलकेच श्वास सोडायचा, हुश्श करून, दिवसभराचं काम उरकून बाई खाली टेकावी तसा. त्या एका सुस्काऱ्यासाठी हनुमंत अकराशे किलोमीटर जात होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आता तो लिंबाखाली गाडी चालू करून बॉनेटवर तळवा ठेवून बसायचा. थरथर हाताला लागायची. सुस्कारा लागायचा नाही. जीव तुटायचा त्याचा.

“इकून टाका,” एके दिवशी चांगुणाच म्हणाली. “रस्त्यावर मागनं एसटी आली तरी कळत न्हाई तुमास्नी. आनी ती उभी ऱ्हाऊन गंजंल.”

“बारा वर्सं वाट बघितलीस व्हय याची?”

“व्हय. लई वाट बघितली,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून उगाच दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा झटकायला लागली.

गिऱ्हाइकं आली. एकाला तिला फटाके फोडणारा सायलेन्सर लावायचा होता. हनुमंतनं त्याला चहासुद्धा विचारला नाही. दुसरा चक्कर मारून आला, खाडकन इंजिन बंद करून किल्ली फिरवत उतरला. “न्हाई जमायचं,” हनुमंत म्हणाला. बिचाऱ्याला कळेना, आपलं चुकलं काय.

मग जैनुद्दीन आपल्या मावसभावाची मुलगी घेऊन आला. सुमैरा. श्रीरामपूरला पॉलिटेक्निकात शिकवायची आणि स्वतःच्या जुन्या गाडीनं दोनदा कोइमतूरला जाऊन आली होती. ती बोलली थोडं. गाडीखाली सरपटत जाऊन सगळं बघून आली, ओढणीला ग्रीस लागलं तरी बघितलं नाही. मग एकटीच चक्कर मारायला गेली.

परत येऊन तिनं गाडी लिंबाखाली लावली, पण उतरली नाही. हनुमंत बॉनेटपाशी गेला. तळवा ठेवला. थरथर चालू होती. सुमैरा काचेआड हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. एक मिनिट गेलं. दीड मिनिट. मग तिनं किल्ली फिरवली.

“बंद का न्हाई केली लगेच?” हनुमंतनं विचारलं.

ती मोठ्यानं, सावकाश म्हणाली, “टर्बो तापलाय ना, चाचा. धावून आलेल्याला बसायच्या आधी दम खाऊ द्यावा.”

हनुमंतनं जैनुद्दीनकडं बघितलं. जैनुद्दीननं मान हलवली. झालं, ठरलं.

न्यायच्या दिवशी सकाळी हनुमंतनं गाडी धुतली आणि हवा तपासली. सुमैरा जैनुद्दीनच्या स्कूटरवर मागं बसून आली. ती गाडीत बसणार, तेवढ्यात चांगुणा ताट घेऊन बाहेर आली. ताटात नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नवा हिरवा खण.

“हे काय आता?” हनुमंत म्हणाला.

“सवत असली म्हनून काय झालं? घरातनं रिकामी जाऊ द्यायची व्हय?” तिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, शेजारच्या सीटवर खण अंथरून तांदूळ ओतले, वर नारळ ठेवला आणि सगळ्याला पट्टा बांधला. मग सुमैराला म्हणाली, “ब्रेक जपून दाब गं, तांदूळ सांडतील.”

“नाही सांडणार, चाची,” सुमैरा म्हणाली. हसली नाही, म्हणून चांगुणाला ती आवडली.

गाडी निघाली. गल्लीत वळली आणि दिसेनाशी झाली. हनुमंत फाटकापाशी उभा राहिला. त्यानं कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. मिक्सर ऐकून काय करायचं? चांगुणा त्याच्या अंगाला खेटून उभी राहिली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, “दुसरा टाकला.”

त्यानं वळून बघितलं. “तुला गेर कळतात?”

“बारा वर्सं चहा कशावर ठिवला? परत येताना रोडवरल्या कमानीपाशी दुसरा पडला की मी आधन ठिवायची. तुमी दारात, चहा कपात.” ती पुन्हा ऐकायला लागली. “कमानीखालनं गेली... मनमाड रोडला लागली. तिसरा.”

हनुमंतला काही ऐकू येत नव्हतं, पण मनमाड रोड ठाऊक होता. तिथं दिवसभर ट्रकची रांग तुटत नाही. पलीकडं जैनुद्दीननं स्कूटरला किक मारली होती. त्याचे कान चांगले होते, आणि ऐकण्यासारखं उरलं असतं तर त्यानं स्कूटर चालू केली नसती.

“आनी आता?” हनुमंतनं विचारलं.

चांगुणानं रस्त्याकडं बघितलं. “चौथा,” ती पुन्हा त्याच्या कानाशी म्हणाली. “झ्याक चाललीय.”

“सुस्कारा?”

त्यानं हा शब्द तिच्यापुढं पहिल्यांदाच काढला होता. कसला, कुणाचा, तिनं विचारलं नाही. तिनं कानावरचा पदर मागं सारला, रस्त्याकडं कान लावला आणि मग परत त्याच्या कानाशी आली.

“टाकला,” ती म्हणाली. “आत्ता टाकला.”

हनुमंतनं मान हलवली. मग दोघांनी मिळून फाटक ओढून घेतलं.